हॉथॉर्न: हृदयाचं झाड, पोटाचं झाड आणि पाकिटातली बिट्टी

सप्टेंबर २०२२. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात दोन वर्षंही पूर्ण न झालेल्या एका मुलाला तातडीने इस्पितळात आणलं. उलट्या होत होत्या, नाडी मंदावली होती, बीपी खाली गेलं होतं. वजन घटवण्यासाठी घरात आणलेल्या एका मुळाचे तुकडे त्याच्या हाती लागले होते आणि त्याने ते खाल्ले होते. पाकिटावर नाव होतं तेहोकोते, म्हणजे मेक्सिकोतलं हॉथॉर्न. रक्त तपासलं तेव्हा डिगॉक्सिन या हृदयावरच्या जुन्या औषधासारखं काहीतरी सापडलं. हॉथॉर्नमध्ये तसं काही नसतं. म्हणून या नावाने ऑनलाइन विकली जाणारी १० उत्पादनं मागवून तपासण्यात आली. त्यातल्या ९ उत्पादनांत पिवळी कण्हेर निघाली.

पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी. गावाकडे कुंपणाला, देवळाच्या आवारात, शाळेच्या मागे उभी असते ती. पिवळी घंटेसारखी फुलं आपण शंकराला वाहतो, आणि तिच्या कडक बियांनी, बिट्ट्यांनी, अनेक पिढ्या खेळल्या आहेत. खेळताना मोठी माणसं एकच गोष्ट बजावत असत: तोंडात घालू नका, विष आहे. तेच विष वनौषधीच्या पाकिटात बसून विकलं गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ पासून त्याबद्दल इशारे द्यायला सुरुवात केली.

हॉथॉर्न हे नाव मराठी घरांना फारसं ओळखीचं नाही, पण त्याचं शास्त्रीय नाव अनेकांच्या कपाटात आहे. ते म्हणजे क्रॅटेगस. होमिओपॅथीच्या दुकानात ‘क्रॅटेगस मदर टिंक्चर’ची छोटी बाटली मिळते. ‘हृदयाचं टॉनिक आहे, पंधरा-वीस थेंब पाण्यातून घ्या’ असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं. शिवाय परदेशी राहणारी मुलं आईवडिलांसाठी हॉथॉर्नच्या कॅप्सूल पाठवतात. आणि मग प्रश्न येतो, अगदी साधा आणि अगदी रास्त: हे घ्यावं का? याने बीपीची गोळी सुटेल का?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ‘हॉथॉर्न’ हा एक शब्दच चार-पाच वेगळ्या वस्तूंना लावला जातो. त्या वेगळ्या करून पाहिल्या की बराचसा गोंधळ मिटतो.

आधी झाड पाहू

हॉथॉर्न हे गुलाबाच्या कुळातलं काटेरी झुडूप किंवा छोटं झाड. सफरचंद आणि नासपती त्याची जवळची भावंडं. युरोपभर, आशियात आणि उत्तर अमेरिकेत त्याच्या पुष्कळ जाती आहेत. लाकूड इतकं चिवट की क्रॅटेगस हे नाव ताकद या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. फळ लहान बोराएवढं, पिकल्यावर लालभडक, आत पिठूळ. चावलं तर थोडं आंबट, थोडं तुरट आणि बरंचसं बेचव.

इंग्लंडमध्ये ते कुंपणाचं झाड आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथे सामाईक गायरानं कायदे करून खासगी मालकीची झाली, तेव्हा मैलोन्‌मैल हद्दी याच काट्यांनी आखल्या गेल्या. आपल्याकडे शेताच्या बांधाला निवडुंग किंवा शेर लावतात, तसंच ते. मे महिन्यात हे कुंपण पांढऱ्या फुलांनी भरून जातं. दिसायला देखणं, पण फुलं घरात आणायची नाहीत असा तिकडचा जुना संकेत, कारण म्हणे घरात मृत्यू येतो. या समजुतीमागे एक ठोस रसायन आहे. फुलांच्या वासात ट्रायमिथिलअमीन असतं, आणि प्राण्याचं शरीर सडू लागतं तेव्हाही हेच रसायन तयार होतं. शिळ्या मासळीचा जो वास येतो तोही याचाच. घरातच मृतदेह ठेवण्याच्या काळात लोकांना तो वास ओळखीचा होता, त्यामुळे फुलांशी मृत्यूची गाठ बसली.

आयर्लंडमध्ये तर एकट्या उभ्या हॉथॉर्नला पऱ्यांचं झाड मानतात आणि तोडत नाहीत. १९९९ मध्ये तिथल्या क्लेअर परगण्यात मोठ्या रस्त्याच्या कामात असं एक झाड आडवं आलं. एका कथाकाराने आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता झाला. आपल्याकडे म्हसोबाच्या झाडाला कुऱ्हाड लावायला माणूस कचरतो, त्यातलीच ही गोष्ट. क्लेअर परगण्याचं नाव लक्षात असू द्या, पुढे ते पुन्हा येणार आहे.

‘हजारो वर्षांचं हृदयाचं औषध’ हे खरं आहे का?

जाहिरातीत हे वाक्य हमखास असतं. झाडाचा औषधी वापर फार जुना आहे, यात शंका नाही. पण कशासाठी, हे पाहिलं पाहिजे.

चीनमध्ये त्याची एक वेगळी जात वापरतात, नाव शानजा. सातव्या शतकातल्या तांग राजवटीच्या औषधीकोशापासून तिचा उल्लेख सापडतो. सोळाव्या शतकातल्या ली शिजेन या थोर वैद्याने तर लिहून ठेवलंय की म्हाताऱ्या कोंबडीचं चिवट मांस शिजवताना शानजाची काही फळं टाकली तर ते लवकर मऊ होतं. त्यावरून तर्क असा की मांसाहारानंतर पोट जड झालं की हे फळ उपयोगी. आपल्याकडे मटण शिजताना कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, त्याच जातीचं हे स्वयंपाकघरातलं निरीक्षण आहे. आजही चीनमध्ये शानजा प्रामुख्याने पचनाचं औषध आहे, आणि हिवाळ्यात पेइचिंगच्या रस्त्यांवर साखरेच्या काचेसारख्या पाकात बुडवून काडीला टोचलेली ही लाल फळं मुलं चवीने खातात. त्या खाऊला थांगहूलू म्हणतात.

युरोपातल्या जुन्या वनौषधींच्या पुस्तकांत हॉथॉर्न येतं ते मूतखड्यासाठी, अंगावरच्या सुजेसाठी आणि जुलाबांसाठी. हृदय तिथे जवळपास नाहीच. हृदयाशी त्याचं नाव जोडलं गेलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. क्लेअर परगण्यातल्या एनिस गावी ग्रीन नावाचे एक डॉक्टर हृदयरोगावर एक गुप्त औषध देत असत आणि त्यासाठी त्यांची ख्याती होती. त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं की ते औषध म्हणजे हॉथॉर्नच्या पिकल्या फळांचा अल्कोहोलमधला अर्क. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यावर पत्र छापून आलं आणि तिथून हे औषध पसरलं. होमिओपॅथीच्या दुकानातली ती बाटली याच घराण्यातली आहे.

म्हणजे हृदयाच्या औषधाची परंपरा सुमारे सव्वाशे वर्षांची. त्याने औषध खोटं ठरत नाही. फक्त ‘हजारो वर्षांचा अनुभव’ हा आधार हृदयासाठी घेता येत नाही. तो अनुभव पोटाचा आहे.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे

पुढचं समजायला ही एक संकल्पना हवी. ‘हार्ट फेल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणूस छातीला हात लावून कोसळतो. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात ते वेगळं आहे. तिथे हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते.

विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. मोटार जुनी झाली, दाब कमी पडू लागला, की शेताच्या टोकाला पाणी पोहोचत नाही आणि मागच्या बाजूला पाणी तुंबतं. शरीरात टोकाला रक्त पोहोचलं नाही की थकवा येतो. मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात साठलं की धाप लागते, पायात उतरलं की पाय सुजतात, मोज्याचा वळ उमटतो. टूडी एकोच्या रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ म्हणून जो आकडा येतो, तो म्हणजे एका ठोक्यात डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी शेकडा किती बाहेर फेकलं गेलं. साधारण ५५ ते ७० ठीक. ४० च्या खाली आला की मोटार दमली आहे.

हॉथॉर्नवरचे बहुतेक गंभीर प्रयोग या दमलेल्या मोटारीवर झाले आहेत. ‘हार्ट अटॅक येऊ नये म्हणून’ किंवा ‘ब्लॉकेज विरघळावं म्हणून’ ते घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ब्लॉकेज विरघळतं असं माणसांवरच्या कुठल्याही भक्कम प्रयोगात दिसलेलं नाही.

झाडात असं काय आहे?

मुख्यतः दोन प्रकारची द्रव्यं. पहिली फ्लॅव्होनॉइड्स, जी फळाफुलांत, चहात, कांद्यात सगळीकडे असतात. दुसरी प्रोसायनिडिन्स. सुपारी चघळली की जीभ आक्रसते, तो तुरटपणा ज्या गटातल्या द्रव्यांनी येतो त्यातलीच ही.

प्रयोगशाळेत असं दिसतं की ही द्रव्यं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतात. त्याने वाहिनीची भिंत सैलावते. पाइप थोडा रुंद झाला की मोटारीवरचा ताण उतरतो. शिवाय हृदयाच्या स्नायूचं आकुंचन किंचित जोरकस होतं असंही दिसलं आहे. हे सगळं काचेच्या भांड्यात आणि प्राण्यांत. माणसात काय होतं हे माणसांवरच पाहावं लागतं.

ते पाहायचं तर आधी एक अडचण सोडवावी लागते. घरी केलेल्या दोन काढ्यांत हे द्रव्य सारखं कधीच नसतं. झाड कुठलं, पान कधी तोडलं, किती उकळलं यावर सगळं बदलतं. आजीच्या हातचं लोणचं दरवर्षी वेगळं लागतं तसं. म्हणून जर्मनीत पानं आणि फुलांपासून एक ‘प्रमाणित अर्क’ तयार करण्यात आला. प्रमाणित म्हणजे प्रत्येक खेपेला ठरलेलं द्रव्य ठरलेल्या मात्रेत असल्याची खात्री केलेला. त्यात प्रोसायनिडिन्सचं प्रमाण १८.७५ टक्के धरलेलं असतं. पुढे ज्या मोठ्या प्रयोगांची गोष्ट सांगतो ते या अर्काचे आहेत.

इथेच एक महत्त्वाची मेख आहे. १९९४ मध्ये जर्मनीच्या सरकारी तज्ज्ञ समितीने सौम्य हार्ट फेल्युअरसाठी हॉथॉर्नला मान्यता दिली ती पानं आणि फुलं एकत्र असलेल्या अर्काला. फळाला तिने मान्यता दिली नाही, कारण पुरेसा पुरावा नव्हता. आपल्याकडचं मदर टिंक्चर फळापासून होतं. तेव्हा ‘जर्मनीत मान्यता आहे’ हे वाक्य त्या बाटलीला लावता येत नाही.

मग प्रयोगांत काय दिसलं?

२००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे दर्जेदार प्रयोग एकत्र तपासले. असे १४ प्रयोग निघाले आणि त्यांतल्या १० प्रयोगांतल्या ८५५ रुग्णांचे आकडे एकत्र मांडता आले. निष्कर्ष आशादायक होता: नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हा अर्क घेणाऱ्यांची व्यायामाची क्षमता थोडी वाढली, धाप आणि थकवा थोडा कमी झाला. दुष्परिणाम क्वचित आणि सौम्य, म्हणजे मळमळ, चक्कर वगैरे.

त्याच वर्षी एक मोठा प्रयोगही प्रसिद्ध झाला. युरोपातले २,६८१ रुग्ण, सगळ्यांचा ईएफ ३५ किंवा त्याहून खाली. निम्म्यांना रोज ९०० मिलिग्रॅम अर्क, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, आणि हे दोन वर्षं. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. मोजायचं होतं ते सर्वांत कठोर माप: हृदयामुळे मृत्यू, हार्ट अटॅक किंवा आजार बळावून इस्पितळात भरती. दोन वर्षांनी अर्क घेणाऱ्यांत हे शेकडा सुमारे २८ जणांच्या वाट्याला आलं, न घेणाऱ्यांत सुमारे २९. एवढा फरक नशिबानेही पडतो. अचानक मृत्यू एका उपगटात थोडे कमी दिसले खरे, पण असे उपगट पाडून काढलेले निष्कर्ष पुढच्या प्रयोगाची दिशा देतात, सिद्धता देत नाहीत.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग छापला. १२० रुग्ण, तोच अर्क, तीच मात्रा, सहा महिने. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो हे मोजलं. फरक पडला नाही.

आधी फायदा आणि मग नाही, हे कसं? माझ्या समजुतीप्रमाणे याचं मोठं कारण काळ आहे. जुन्या प्रयोगांतल्या अनेक रुग्णांना आजच्यासारखी प्रभावी औषधं मिळत नव्हती. अंधाऱ्या खोलीत पणती लावली तर उजेड पडतो. ट्यूबलाइट लागलेल्या खोलीत तीच पणती लावा, फरक कळणार नाही. पणती खोटी नसते.

‘पण मला बरं वाटतंय, ते काय खोटं?’

हा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो अनुभवातून येतो आणि अनुभव झटकून टाकता येत नाही. ओळखीतले एक काका रोज सकाळी थेंब घेतात आणि म्हणतात, ‘जिना चढताना आता तेवढा थांबत नाही मी.’ ते खोटं बोलत नाहीत.

बरं वाटण्याला पुष्कळ वाटा असतात. हा आजार मुळातच चढउतारांचा आहे, आणि माणूस नवं औषध शोधतो ते उताराच्या दिवसांत, त्यामुळे पुढे थोडं बरं वाटणं आधीच ठरलेलं असतं. काळजी घेतली जातेय ही भावनाही काम करते. म्हणूनच प्रयोगात नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही अनेकांना बरं वाटतं. आणि काकांना त्या थेंबांनी खरोखर थोडा फायदा होत असेल, हेही शक्य आहे.

पण खरी खोच पुढे आहे. बरं वाटणं आणि आयुष्य वाढणं या दोन गोष्टी हृदयाच्या बाबतीत एकत्र चालतीलच असं नाही, आणि हे वैद्यकाने फार मोठी किंमत मोजून शिकलं.

दमलेल्या बैलाला चाबूक मारला तर तो चार पावलं जोरात जातो. १९८० च्या दशकात डॉक्टरांना वाटलं, दमलेल्या हृदयालाही असंच हाकावं. मिलरिनोन नावाचं औषध हृदयाचं आकुंचन जोरदार करायचं. त्याच्या गोळ्यांचा प्रयोग तीव्र हार्ट फेल्युअरच्या १,०८८ रुग्णांवर झाला. १९९१ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त. चाबकाने बैल पळाला आणि लवकर कोसळला.

उलट बीटा-ब्लॉकर. ही औषधं ठोके मंद करतात, बैलाचं जू सैल करतात. सुरुवातीला रुग्णाला उलट जास्त थकल्यासारखं वाटू शकतं. डॉक्टरही वर्षानुवर्षं ती द्यायला घाबरत. पण १९९९ मध्ये मेटोप्रोलोलवरचा ३,९९१ रुग्णांचा प्रयोग आला आणि मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

सुरुवातीला नकोशी वाटणारी गोळी माणसाला जगवते आणि तरतरी देणारं औषध आयुष्य कमी करतं, असं इथे घडू शकतं. हॉथॉर्न मिलरिनोनसारखं घातक आहे असा याचा अर्थ नाही. त्या २,६८१ जणांच्या प्रयोगात मृत्यू वाढले नाहीत, आणि ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. धोका दुसरीकडे आहे. थेंबांनी बरं वाटू लागलं म्हणून माणूस मेटोप्रोलोल सोडतो. आज हार्ट फेल्युअरमध्ये चार गटांतली औषधं आयुष्य वाढवतात हे प्रयोगांनी दाखवलं आहे. त्यांतली एकही सोडून हॉथॉर्न घेणं म्हणजे छत काढून छत्री धरणं.

‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’

बिट्टी वनस्पतीच आहे. तिच्यातली विषारी द्रव्यं डिगॉक्सिनच्या नात्यातली आहेत, म्हणून तर त्या मुलाच्या रक्ततपासणीत डिगॉक्सिनसारखं दिसलं.

खुद्द डिगॉक्सिनचीच गोष्ट बघा. इंग्लंडच्या श्रॉपशरमध्ये एक म्हातारी जलोदरावर, म्हणजे अंगात पाणी भरण्यावर, वीसेक वनस्पतींचा काढा देत असे. विल्यम विदरिंग या डॉक्टरने तो तपासला आणि ओळखलं की खरं काम करतेय ती फॉक्सग्लोव्ह ही एकटीच. मग त्याने सुमारे १० वर्षं रुग्णांवर मात्रा ताडून पाहिली, फसलेले उपचारही लपवले नाहीत आणि १७८५ मध्ये सगळं पुस्तकात मांडलं. फॉक्सग्लोव्हमध्ये औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा जेमतेम हातभर अंतरावर असतात. १९३० मध्ये तिच्या एका जातीतून डिगॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं काढलं, आणि तेव्हापासून मिलिग्रॅमच्या अंशात मोजून ते देता येऊ लागलं. वनौषधीला मान देणं याला मी म्हणेन: ती मोजणं, तपासणं, आणि तिच्या चुका लिहून ठेवणं.

खरं हॉथॉर्न त्या मानाने फार सौम्य आहे. पण सौम्य वस्तूही दुसऱ्या औषधांच्या जोडीला आली की हिशेब बदलतो. बीपीच्या गोळ्या किंवा छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी घेणाऱ्यांचं बीपी आणखी उतरू शकतं. डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता ते घेऊ नये. निरोगी ८ जणांवरच्या एका छोट्या अभ्यासात हॉथॉर्नमुळे रक्तातलं डिगॉक्सिन फारसं बदललं नाही, पण आठ निरोगी माणसं आणि सत्तरी ओलांडलेला, मूत्रपिंड अधू असलेला रुग्ण यांत फरक आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी सांगावं. गरोदरपणात टाळावं. मदर टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतं हेही अनेकांना माहीत नसतं.

बीपीसाठी?

थोडक्यात: ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ७९ रुग्णांना १६ आठवडे रोज १,२०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा खालचं बीपी सरासरी अडीच अंकांच्या आसपास उतरलं. वरच्या बीपीत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. जेवणातलं मीठ कमी केल्यानेही एवढा फरक पडतो. १६० वर गेलेल्या बीपीसाठी हे पुरेसं नाही.

‘औषध कंपन्यांना हे दडपायचं असतं’

हा संशय अनेकांच्या मनात असतो आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. कंपन्या नफ्यासाठी चालतात. पण या गोष्टीत पैसा उलट्या बाजूला होता. २,६८१ रुग्णांच्या त्या प्रयोगाचा खर्च हा अर्क बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. निकाल तिच्या आशेसारखा आला नाही, तरी तो छापला गेला. मला ही गोष्ट विश्वास वाढवणारी वाटते.

आज युरोपच्या औषध संस्थेची भूमिका काय आहे? २०१६ मध्ये तिने हॉथॉर्नची पानं-फुलं ‘पारंपरिक वापर’ या वर्गात ठेवली. चिंतेमुळे होणारी तात्पुरती धडधड, सौम्य मानसिक ताण आणि झोप यांसाठी. त्यातही धडधडीसाठी अट अशी की डॉक्टरने आधी गंभीर आजार नाही याची खात्री केलेली असावी. हार्ट फेल्युअर त्या यादीत नाही.

मग आपल्या अर्जुनाचं काय?

हा प्रश्न मराठी वाचकाला पडायलाच हवा. अर्जुन, ज्याला आपण अर्जुनसादडाही म्हणतो, नदीकाठी उभा असणारा, गुळगुळीत राखाडी सालीचा वृक्ष. त्याची साल दुधात उकळून हृदयरोगात द्यावी असं अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात सांगितलं आहे. म्हणजे हृदयासाठीची लिखित परंपरा पाहिली तर अर्जुन हॉथॉर्नपेक्षा खूप जुना ठरतो.

पण कसोटीची वेळ आली तेव्हा दोघांची गोष्ट आश्चर्य वाटावं इतकी सारखी निघाली. दिल्लीच्या एम्समध्ये हार्ट फेल्युअरच्या १०० रुग्णांवर सालीच्या अर्काचा प्रयोग झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ईएफ सुधारला नाही. काही रुग्णांच्या लक्षणांत आणि दैनंदिन हालचालीत मात्र सुधारणा दिसली. १०० रुग्ण आणि १२ आठवडे हा आकडा लहान आहे. अर्जुनावर युरोपातल्यासारखा दोन-अडीच हजार रुग्णांचा, दोन वर्षांचा प्रयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं. झाड आपलं, रुग्ण आपले, इस्पितळं आपली. दुसरं कोण करणार?

हिमालयातलं घिंगारू हेही इथे आठवतं. कुमाऊँच्या डोंगरांत होणारं हे लाल फळांचं काटेरी झुडूप पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॅटेगसमध्येच मोडत, आता वेगळ्या गटात घालतात. तिथले लोक ती फळं खातात आणि हृदयाला चांगलं मानतात. पण युरोपातल्या पानाफुलांच्या अर्कावरचे आकडे घिंगारूच्या रसाला लावता येत नाहीत. नातं असलं तरी सातबारा वेगळा असतो.

बाटली हातात आली तर काय बघायचं?

पहिलं, कोणतं झाड: मेक्सिकोतलं तेहोकोते, चीनचं शानजा की युरोपातलं हॉथॉर्न. वजन घटवण्याचं ‘मूळ’ म्हणून विकलं जात असेल तर विषयच संपला, घेऊ नका. दुसरं, झाडाचा कोणता भाग: पानं-फुलं की फळ. तिसरं, प्रमाणित अर्क आहे का आणि किती टक्के काय आहे. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर त्या बाटलीबद्दल वरचा एकही प्रयोग काही सांगत नाही.

तरीही घ्यायचं ठरलं, तर बाटली घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. टेबलावर ठेवा आणि सांगा, हे घेतोय. अनेक रुग्ण ओरडा बसेल म्हणून लपवतात. मग नाडी मंद झाली किंवा चक्कर आली की डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसतात. आणि धाप वाढली, पाय सुजले, छातीत दुखलं तर थेंबांची मात्रा वाढवून बघू नका. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला तर सरळ १०८ ला फोन.

हार्ट फेल्युअर असलेल्या घरात एक गोष्ट कुठल्याही अर्कापेक्षा जास्त कामाची आहे, ती म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नसते. ते साठलेलं पाणी असतं, आणि धाप लागण्याच्या आधी काटा ते सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.